आधी आपल्या अंगावर

खुळी पुन्हा लाल झाली.

ईश्वरीनं पडद्याकडं बघून एक शिवी हासडली आणि घड्याळ पाहिलं. आज दुपारी दादा तिच्या घरी जेवायला येणार होता. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच. आणि घरी मटण अजून धुतलेलंसुद्धा नव्हतं. अशा वेळी एखादी चाचणी नखरे करायला लागली तर कुणाचंही डोकं फिरेल.

शेजारच्या टेबलावरून इम्तियाज तांबोळीनं मान न वळवता विचारलं, "खुळी का? परत चालव की."

"दोनदा चालवली."

"मग तिसऱ्यांदा चालव. खुळीच ती. तिचं काय मनावर घ्यायचं?"

इम्तियाज तिथल्या प्रोग्रामरांच्या गटाचा प्रमुख. माडीवर हे दोघं बसायचे आणि खाली फाउंड्रीत लोखंड वितळायचं. औद्योगिक वसाहतीतल्या दहा फाउंड्र्यांनी मिळून एक आज्ञावली लिहायला घेतली होती, प्रत्येकीचे एक-दोन प्रोग्रामर तिच्यात हात घालायचे. कुणीही बदल केला की तपासणी-यंत्र शेकडो चाचण्या घ्यायचं, सगळ्या हिरव्या झाल्या की नवा बिल्ड, म्हणजे चालवायला तयार आज्ञावली, बांधायचं आणि दहाही ठिकाणी आपोआप पाठवायचं. एकाच पातेल्यात दहा जणांनी स्वयंपाक करावा तसला प्रकार. मीठ एकानं जास्त घातलं तरी जेवायचं सगळ्यांनी. म्हणून बिल्ड मोडणं हे या मंडळींत सगळ्यांत मोठं पाप होतं. ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं, आणि जोडल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, असा रिवाज होता.

आज्ञावली होती पैलवानांची. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण कामगारांनी पहिल्याच दिवशी पैलवान म्हटलं आणि तेच रूढ झालं. हा अंगावर चढवायचा सांगाडा. खांद्यापासून बोटांपर्यंत आणि कमरेपासून घोट्यापर्यंत त्याला कृत्रिम स्नायूंच्या पट्ट्या, वीज मिळाली की आखडणाऱ्या. माणसानं हात उचलायचं मनात आणलं की मेंदूकडून स्नायूला एक बारीक विजेचा इशारा जातो. पैलवान तो इशारा कातडीवरूनच वाचायचा आणि माणसाच्या जोराला आपला दसपट जोर लावायचा. पन्नाशीतला माणूससुद्धा दीडशे किलोचा साचा फुलपात्र उचलावं तसा उचलायचा.

अडचण यायची ती दोघांनी मिळून एकच ओझं उचलताना. हाताला जाणवणारा ताण ओझ्याचा की पलीकडच्या गड्याचा, हे पैलवानाला कळायला हवं. म्हणून दोन्ही पैलवान बिनतारी बोलत राहायचे, एका सेकंदात शेकडो वेळा. एवढा जोर माझा, एवढा तुझा. हे बोलणं उशिरा पोहोचलं तर मात्र पहिला समजायचा की ओझंच जड झालं, आणि जोर वाढवायचा. तो जोर बघून दुसरा वाढवायचा. तू ओढलंस म्हणून मी ओढलं, हे बांधावरचं भांडण कुठं जाऊन थांबतं ते कुणाला सांगायला नको.

बोलणं उशिरा पोहोचलं तर काय होतं, नेमकं तेच तपासायला एक चाचणी होती. ती दहा वेळा हिरवी व्हायची आणि अकराव्यांदा उगाचच लाल. परत चालवली की पुन्हा हिरवी. तपासणी-यंत्र जुनं झालंय, ते धापा टाकतं, असा सगळ्यांनी समज करून घेतला आणि चाचणीचं नाव पाडलं खुळी. दहा फाउंड्र्यांतल्या शहाण्यांना वर्षभर असं कधी वाटलं नाही की ती खुळी नसेल, खरंच बोलत असेल.

ईश्वरीनं त्या दिवशी केलेला बदल साधा होता. पैलवानाची बॅटरी पाळी संपायच्या आधी उतरते अशी कामगारांची तक्रार होती, म्हणून तिनं पैलवानांचं आपापसातलं बोलणं थोडं कमी केलं. काम चांगलंच होतं, हेतूही चांगला होता.

समोरच्या भिंतीवर इम्तियाजनंच एकेकाळी रंगवलेलं होतं: आधी आपल्या अंगावर, मग सगळ्यांच्या. जोडीच्या कामाला हात लावला तर प्रोग्रामरनं स्वतः पैलवान चढवायचा, दुसऱ्याला जोडीला घ्यायचं, वाळूचं पोतं उचलून बघायचं आणि मगच बदल पुढं सोडायचा. त्यासाठी कोपऱ्यात दोन पैलवान टांगलेले होते. त्यांच्यावर बोटभर धूळ होती, आणि एकाच्या अंगठ्याला इम्तियाजच्या फोनचा चार्जर लटकत होता.

ईश्वरीनं तिसऱ्यांदा बटण दाबलं. खुळी हिरवी झाली.

"झाली बघ," इम्तियाज म्हणाला. "जा आता, मटण शिजव. दादाला म्हणावं, आमच्यासाठी पण डबा ठेव."

ती हसली, बदल पुढं सोडला आणि पर्स उचलून जिन्याकडं निघाली.

जिन्यात तिला दादाचं कालचं फोनवरचं बोलणं आठवत होतं. रणजित चौगुले म्हणजे खालच्या भट्टीवरचा पट्टीचा गडी आणि तिचा थोरला भाऊ. तिला विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं होतं. ती हातपाय झाडत बुडायला लागली की पाठीखाली तळहात धरून म्हणायचा, "अंग सोड, ईशे. अंग सोडलं की पाणीच उचलतंय." त्याच दादानं तिनं परजातीतल्या सुजयशी लग्न केलं तेव्हा तीन वर्षं तोंड फिरवलं. सुजय त्याच फाउंड्रीत, त्याच पाळीत. दोघं समोरासमोर आले की एकजण वाट बदलायचा, आणि हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. आईच्या आजारपणात दादा जरा नरमला. ईश्वरीनंही लोखंड गरम आहे तोवर घाव घातला. फोरमनच्या मागं लागून आज दोघांना तिनं मुद्दाम एका जोडीत घालायला लावलं होतं.

"येतो जेवायला," दादा फोनवर म्हणाला होता. "पण त्याला दाजी-बिजी म्हणणार न्हाई मी. आधीच सांगतो."

"नको म्हणूस. ये तर खरं."

ती जिन्याच्या शेवटच्या वळणावर होती तेव्हा खाली लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी.

भट्टीसमोर वितळलेल्या लोखंडाची बादली आडवी झाली होती. पांढरा रस वाळूवर पसरत होता, ठिणग्या छपरापर्यंत उडत होत्या. बादलीचा जाड दांडा मधोमध वाकलेला, त्याचं एक टोक रणजितच्या मुठीत, दुसरं सुजयच्या. दोघं तो एकमेकांच्या हातातून हिसकत होते. दांडा तुटला. सुजय मागं कोलमडला, आणि तोल सावरायला त्यानं रणजितचा खांदा धरला. रणजित तो हात झटकायला गेला आणि झटकलेला हात सुजयच्या तोंडावर बसला. गाल फाटून दात दिसायला लागले. सुजयनं त्याला ढकललं. तो धक्का रणजितला उचलून साच्यांच्या रांगेवर घेऊन गेला, पण सुजयची मूठ त्याच्या खांद्यावरून सुटली नाही. दोघं एकमेकांत अडकूनच साच्यांवर कोसळले आणि तसेच परत उभे राहिले.

"जुंपली रे! मेव्हण्या-दाजीची जुंपली!" कुणीतरी ओरडलं.

या मुलखात भांडण लागलं तर नुसतं बघत उभं राहणं हा कमीपणा. चार माणसं सोडवायला धावतातच. भट्टीवरचा बंडा धावला, त्याच्यामागं आणखी दोघं, तिघांच्याही अंगावर पैलवान. बंडानं रणजितचं मनगट धरलं. धरताक्षणी तो पैलवानांच्या लेखी जोडीचा तिसरा गडी झाला. त्याचा हात कोपरातून उलटा वळला, हाड कातडीतून बाहेर आलं, आणि त्याची किंकाळी भट्टीच्या घरघरीवरही ऐकू गेली. दुसऱ्यानं सुजयला कंबरेतून ओढायचा प्रयत्न केला. तो खांबावर असा आदळला की परत उठलाच नाही.

ईश्वरीला तेव्हा कळलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

"शिवू नका त्यांना!" ती घसा फोडून ओरडली. "पैलवान काढा अंगातले! शिवू नका कुणी!"

फोरमननं लाल बटण केव्हाच दाबलं होतं. त्याचा उपयोग नव्हता. हातात वितळलेलं लोखंड असताना पैलवान ढिला पडला तर माणूस जळून मरेल, म्हणून ओझं आहे तोवर ढिलं पडायचंच नाही अशी त्याला शिकवण होती. ती शिकवणही ईश्वरीच्या गटानंच दिलेली. आणि आता दोन्ही पैलवानांच्या लेखी समोरचा माणूस हेच ओझं होतं.

माडीच्या खिडकीत इम्तियाज दिसला, पांढरा पडलेला. "मागचा बिल्ड पाठव!" ती ओरडली. त्याच्या एका कानाला फोन होता. बाकीच्या नऊ ठिकाणी तो एकच वाक्य सांगत होता, जोडीनं काही उचलू नका, जोडीनं काही उचलू नका. मधेच वळून तो म्हणाला, "पाठवलाय, पण खुळी लाल झालीय! यंत्र पुढं सोडत नाही!"

"परत दाब!"

स्वतःचे शब्द कानावर पडले आणि तिनं खिडकीकडं पाठ फिरवली. खुळी सुरुवातीलाच लाल व्हायची, पण सगळी फेरी हिरवी व्हायला चार-पाच मिनिटं लागायची. समोर तेवढा वेळ नव्हता.

रणजितनं सुजयला भट्टीच्या विटांवर दाबलं होतं. मारण्यासाठी नव्हे, त्याला आपल्यापासून दूर ठेवण्यासाठी, पण दूर लोटण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला पैलवान दसपट करत होता. सुजयच्या पाठीवरचा सदरा धुमसत होता. त्याचे दोन्ही हात रणजितच्या छातीला रेटत होते आणि तोंडातून रक्ताचा फेस येत होता. रणजितचं नाक चेंदलेलं, एक डोळा बंद. दुसऱ्या डोळ्यात राग नव्हता. नुसती भीती होती, लहान पोराच्या डोळ्यांत असते तशी.

उपाय एकच होता, आणि तो तिला पाठ होता, कारण ती गणितं तिनंच मांडली होती. पैलवान माणसाच्या इशाऱ्यावर चालतो. माणसानं अंग पूर्ण सैल सोडलं, झटकायचं नाही, सोडवायचं नाही, मुठीतली ताकदसुद्धा काढून घेतली, तर दसपट करायला मागं काही उरत नाही. मग तो पैलवान थांबतो, आणि विरोध संपला म्हणून समोरचाही थांबतो. पण लगेच नाही. अर्धा क्षण जातो, आणि त्या अर्ध्या क्षणात समोरच्याचा सगळा साचलेला जोर जो सैल पडला त्याच्या अंगावर येतो. दोघांनी एकदम सोडलं तर दोघं वाचतील. एकानं सोडलं तर एक.

"अंग सोडा!" ती ओरडली. "दोघांनीबी अंग सोडा, एकदम!"

दोघांनी ऐकलं. पण समोरच्यानं नाही सोडलं तर? समोरचा आधी सोडतो का, याची वाट बघत दोघंही थांबले. तीन वर्षं हेच तर चाललं होतं.

सुजयचा एक हात गळून खाली आला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. आता तो बेशुद्ध होणार, त्याचं अंग आपोआप सैल पडणार, आणि तो जीवघेणा अर्धा क्षण त्याच्या वाट्याला येणार. सुजयचं तोंड पलीकडं वळलेलं होतं. दादाचं तिच्याकडं.

"दादा!" ती म्हणाली. ती फार मोठ्यानं ओरडलीही नाही. "दादा, अंग सोड!"

रणजितनं उघड्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. मग त्याचे खांदे उतरले, मान सैल झाली, बोटं उघडली. आणि सुजयचा उरलेला हात त्याच्या छातीतून आत गेला.

नंतर सगळं एकदम शांत झालं. दोन्ही पैलवान थांबले, शिकवलं होतं तसे.

शांतता टिकली नाही. "मारला! रणजितला मारला त्यानं!" भट्टीवरच्या गड्यांनी सुजयला पैलवानातून उपसून काढलं आणि वाळूवर घेतलं. लोखंडी टोकाच्या बुटांच्या लाथा त्याच्या बरगड्यांत बसायला लागल्या. जातीवरून शिव्या निघाल्या, ज्या तीन वर्षं ओठांत दाबलेल्या होत्या. एकानं ओतकामाची सळई उचलली. ईश्वरी सुजयच्या अंगावर आडवी पडली आणि सळई तिच्या डाव्या खांद्यावर उतरली. पहिल्यांदा. मग दुसऱ्यांदा.

"मला मारा!" ती खालून ओरडत होती. "त्यानं न्हाई, मी मारलंय! पैलवान मी खुळा केला! आज सकाळी मी बदल सोडला, तपासला न्हाई, घरी जायची घाई होती मला! दादा माझ्या हातनं गेला!"

सळई वर उचललेलीच राहिली.

"तिनं एकटीनं नाही." इम्तियाज जिन्यावरून धडपडत खाली आला होता. "मी म्हणालो तिला, परत दाब म्हणून. आम्ही सगळेच वर्षभर दाबत होतो. मलाही मारा."

कुणी मारलं नाही. सळई धरलेला गडी वाळूत बसला आणि हमसून रडायला लागला.

सुजयला, बंडाला आणि खांबाजवळच्या गड्याला रुग्णवाहिकेनं नेलं. रणजितवर कुणीतरी ताडपत्री घातली. कारखान्याचे व्यवस्थापक घाटगे ईश्वरीला बाजूला घेऊन गेले. गृहस्थ वाईट नव्हते, फक्त घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

"दोघांचं वैर सगळ्यांना ठाऊक आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "भांडण झालं, हाणामारी झाली. तुझ्या नवऱ्याला चांगला वकील देऊ. तुझं नाव कुठं यायचं कारण नाही. दहा कारखान्यांचा प्रश्न आहे, पोरी."

"दहा कारखान्यांचाच प्रश्न आहे, साहेब," ईश्वरी म्हणाली. "म्हणून तर."

पोलिसांच्या गाडीतून एक बाई निरीक्षक उतरल्या. ईश्वरीनं त्यांना सगळं सांगितलं, क्रमानं, काही न वगळता. निदान तिला तेव्हा तसं वाटलं. मग म्हणाली, "मला नेण्याआधी थोडं वर बसू द्या. मोडलेलं मी जोडायला पाहिजे. नऊ ठिकाणी माणसं ओझी टाकून उभी आहेत."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. पण आमच्यात त्याशिवाय उठत नाहीत."

निरीक्षक बाईंनी तिच्या कपड्यांवरच्या रक्ताकडं बघितलं आणि खुर्ची ओढून दाराशी बसल्या.

डावा हात झोळीत बांधून एका हातानं तिनं चूक शोधली. सापडायला फार वेळ लागला नाही. खुळीनं वर्षभर बोट त्याच ओळीवर ठेवलं होतं. बोलणं उशिरा आलं तर पैलवान मागचाच आकडा ताजा समजून वापरत होता. सकाळच्या बदलानं उशीर वाढला, एवढंच. खोट जुनी होती, सगळ्यांची होती. तिनं ती ओळ बदलली: बोलणं ऐकू आलं नाही तर अंदाज करायचा नाही, ओझं हळूहळू खाली ठेवायचं आणि सैल पडायचं. खुळी हिरवी झाली. इम्तियाजनं ती परत चालवली, आणि परत, आणि मुद्दाम उशीर वाढवून परत. हिरवीच राहिली.

मग ईश्वरी उठली. कोपऱ्यातल्या पैलवानाच्या अंगठ्यावरचा चार्जर तिनं काढून टेबलावर ठेवला.

"तुझा खांदा..." इम्तियाज म्हणाला.

"घाल तुझा."

पैलवान तिच्या अंगावर आवळला तेव्हा मोडक्या खांद्यातून कळ मस्तकात गेली. दोघांनी वाळूचं पोतं उचललं. ठरल्याप्रमाणे पैलवानांमधलं बोलणं मधेच तोडलं गेलं. पोतं हळूहळू खाली आलं, जमिनीला टेकलं, आणि पट्ट्या सैल झाल्या. इम्तियाज पैलवानाच्या आतच रडत होता. तिनं बदल पुढं सोडला, नऊ ठिकाणांहून पोहोचल्याचे निरोप येईपर्यंत थांबली, आणि निरीक्षक बाईंना म्हणाली, "चला."

खटला चालू राहिला. जामीन झाला. सुजय हॉस्पिटलातून घरी आला तो एका बाजूनं वाकून चालायला लागला. गालाचे टाके सुकले तरी त्याला नीट बोलता येत नव्हतं, आणि बोलायचं म्हटलं तर दोघांकडं एकच विषय होता.

एकदा तो म्हणाला, "बादली उचलताना तो मला दाजी म्हणाला होता. 'दाजी, सांभाळून.' मी चमकून बघितलं त्याच्याकडं. तेवढ्यात दांडा ओढला गेला." त्यानं गालावरचा व्रण चाचपला. "त्यानं अंग का सोडलं, ईशू?"

ईश्वरीनं त्याला सांगितलं. जे पोलिसांना सांगितलं नव्हतं, कोर्टालाही नाही. कुणी विचारलंच नव्हतं. मी दोघांतल्या एकाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजय म्हणाला, "आईंना सांगायला पाहिजे. मी येतो बरोबर. आत नाही येत."

आईचं घर लहान, दोन खोल्यांचं. सुजय रस्त्यापलीकडं, दारातून दिसेल असा, उन्हात उभा राहिला. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. लेकीकडं तिनं बघितलं नाही. ईश्वरी भिंतीला टेकून खाली बसली आणि सगळं बोलली. दादाचं तोंड माझ्याकडं होतं. जो सोडणार तो जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यालाच हाक मारली.

आईचा हात पिठात थांबला. ती उठली, जवळ आली, आणि पिठाच्या हातानं तिनं लेकीच्या तोंडात मारली. एकदा नव्हे. दम लागेपर्यंत मारलं, दुखऱ्या खांद्यावर, डोक्यावर, आणि ईश्वरीनं हात वर केला नाही.

मग आई तिच्या शेजारीच बसली, पदर तोंडाला लावून. पदर खाली घेऊन म्हणाली, "तू हाक मारल्यावर बघितलं व्हय त्यानं तुझ्याकडं?"

"बघितलं."

"आन् सोडलं?"

"लगेच सोडलं, आई."

"बारीक असल्यापासनं तुझंच ऐकायचा." आईनं डोळे पुसले. डोळ्यांना पीठ लागलं. "आन् त्याला दाजी म्हणाला म्हणतीस."

"सुजय सांगत होता. उचलताना म्हणाला."

तवा करपून धूर सुटला होता. आई उठली, तवा उतरवला, नवा उंडा घेतला आणि दाराकडं पाठ करून थापायला लागली.

"मग रणजितच्या दाजीला उनात कशाला उभं केलंस?" ती म्हणाली. "आत बोलाव त्याला. जेवल्याबिगर जायचं न्हाई म्हणावं."